शोधशब्द क्रमांक नऊशे बारा

बुल्दानमध्ये रात्री अडीचला
आमचीच एक खिडकी जागी असते.
खाली माग गप्प.
नुरेत्तिन झोपेतही उजवा पाय हलवतो,
पावडी दाबत असल्यासारखा.

त्या दुकानदाराच्या मालाचा क्रमांक
मी चौकटीत टाकते, आणि बोट अडतं.
सासूबाई म्हणायच्या,
दुसरीच्या पातेल्यावरचं झाकण उचलू नये,
वाफ आपल्याच तोंडावर येते.

उचललं.
बाराशे चाळीस शब्द.
लोक काय काय म्हणून हाका मारतात
आणि दार मात्र त्याचं उघडतं.

तुर्की टॉवेल. लवकर वाळणारा टॉवेल.
वाळू न चिकटणारा.
करवल्यांना द्यायला सहांचा संच.
पेश्तेमाल या एका शब्दाची अकरा चुकीची रूपं,
आणि त्यानं अकराही सांभाळून ठेवलेली.
मी शाळेत शुद्धलेखनात पहिली यायची.
त्याचं नुकसान आज कळतंय.

एकशे सत्तावन्नाव्या ओळीत: बुल्दान.

गोदाम न्यू जर्सीत, कापड कुठल्या गिरणीचं देव जाणे,
आणि कुणी आमच्या गावाचं नाव घेतलं
की तो याच्या पायरीवर उतरतो.
अंगाचा तिळपापड झाला.
एका क्लिकला नव्वद सेंट असा भाव होता गावाचा.
मी एक डॉलर लावला.
जिथे जन्मले, त्या गावावर बोली.
चहा ओतून घेतला, गार होता, तसाच प्यायले.

मग त्याचेच शब्द उचलायला बसले.
लाज वाटली नाही, खोटं का बोलू.
लपवून ठेवायच्या शब्दांना
दुकानाच्या पोटात जागा अडीचशे अक्षरांची,
त्यातही आमची ठिपकेवाली अक्षरं
दोन-दोन घरं खातात.
ठिपके काढले. आणखी तीन शब्द मावले.

पहाटेकडे, डोळे चुरचुरत असताना,
नऊशे बारावा:

केमोनंतर डोक्याला गुंडाळायला मऊ कापड

महिन्याला शोध: सव्वीस.
स्पर्धा: नाही.
त्याचा माल सोळाव्या पानावर, तोही चुकून लागलेला.
यंत्रानं शेजारी हिरवा ठिपका दिला होता,
संधी, म्हणून.

सव्वीस.
आमच्या गल्लीत घरं सव्वीस असतील.
त्यातल्या प्रत्येक घरात
कुणीतरी या वेळी जागं आहे,
उशीवरचे केस चिमटीत गोळा करून
एका हातानं टाइप करतंय.
आत्या मुनिरेनं असलं काही शोधलं नव्हतं.
तिनं आमच्याकडचाच एक पंचा मागितला होता,
आणि मी नवाकोरा दिला, खळीचा, कडक.
टोचतो म्हणाली नाही ती.

हिरव्या ठिपक्याकडे मी बराच वेळ बघितलं.
हा शब्द घ्यायचा, म्हणजे नेमकं काय घ्यायचं?
आणि सोडायचा, तर त्यांनी सोळा पानं उलटायची?

बुल्दानवरची बोली काढून घेतली.
करवल्या पुसल्या.
त्या जागेत ते वाक्य बसवलं, कसंबसं,
शेवटचं अक्षर काठावर.

सकाळी नुरेत्तिनला म्हटलं, विसाव्या नंबरचं सूत सोड,
आणि पाठवायच्या आधी तीनदा धुवायचं, खळ जाईपर्यंत.
तो म्हणाला, पाण्याचं बिल कोण भरणार?
मी म्हटलं, तो न्यू जर्सीवाला.
त्याला कळलं नाही. धुवायला मात्र बसला.

त्या महिन्यात चार गेले.
एक डुलुथला, एक हॅलिफॅक्सला,
दोन एकाच पत्त्यावर.
आकडे पहिल्या तारखेला बदलतात.
मी इतर सगळं सोडून आधी खाली गेले,
नऊशे बाराव्या ओळीपाशी.

पंचवीस.

विक्रीच्या भाषेत ही घट.
मी खिडकी उघडली.
तारेवर धुतलेले पंचे होते, अजून ओले,
आणि मी कुणाच्या तरी डोक्यावर
बोटभर केस आले असतील
असंच धरून चालले.